पाटाचा हिशेब

सुनंदाच्या पाळणाघराचा पहिला दर दारात, चपला काढता काढता ठरला.

जून २००३ची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागून चार महिने झाले होते. मुलगा सहावीत. खालच्या मजल्यावरची ओवीची आई मुंबईला फोर्टात बँकेत होती. ओवीला सांभाळणारी बाई अचानक गावी निघून गेली, तेव्हा ती पोरीला कडेवर घेऊन वर आली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही घरीच असता ना? सांभाळाल का हिला? किती घ्याल?"

सुनंदानं पदराला हात पुसले. पैशाचं बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या हो. आपल्यात काय?"

ओवीच्या आईला आठ-सव्वाआठची फास्ट गाठायची होती. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पाचशे ठीक आहेत?"

"पुष्कळ झाले," सुनंदा म्हणाली.

अर्ध्या मिनिटात दर ठरला. तो खर्चावरून ठरला नाही की कामावरून. एकीच्या घाईवरून ठरला आणि दुसरीच्या भिडेवरून.

डोंबिवलीत पाळणाघराला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. सकाळी अर्धं गाव रेल्वेच्या पुलावर असतं आणि संध्याकाळी ते सातपर्यंत परतत नाही. तेव्हा बाळंतपणाची रजा कायद्यानं बारा आठवड्यांची होती. ती सव्वीस आठवड्यांची झाली २०१७ साली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं घातलं. पण ऑफिसात पाळणाघर असलं, तरी तान्ह्या बाळाला घेऊन गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून फास्ट लोकलमध्ये चढणार कोण? बाळ घराजवळच राहायला हवं, आणि घराजवळ एखादी काकू हवी. दोन महिन्यांत सुनंदाकडे सहा मुलं झाली. सगळ्यांचे पाचशे. दुसरा आकडा सांगायचा, तर पहिला का नाही हे सांगावं लागलं असतं.

दिवाळीत पहिला खडा लागला. ओवी आईबरोबर आजोळी गेली आणि आठ दिवसांनी परतली. पहिल्या तारखेला तिच्या आईनं पाकीट दिलं. आत तीनशे चाळीस रुपये.

"आठ दिवस नव्हती ना ती," ओवीची आई सरळपणे म्हणाली. "पंचवीस दिवसांचे पाचशे, म्हणजे दिवसाचे वीस. आठ खाडे वजा केले."

हिशेब अचूक होता. सुनंदा हसली, "हो हो, बरोबर आहे," म्हणाली आणि दार लावलं. मग भांडी घासताना तिनं पातेली इतकी आपटली, की आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कुणावर राग काढत्येस गं?"

सासूबाईंना घरात सगळे आक्का म्हणत. पंच्याहत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, डोळ्यांनी जरा अधू. पण कानांनी त्या घरातलं सगळं बघायच्या. त्यांच्या उमेदीची वीस वर्षं गिरगावात फणसवाडीत खानावळ चालवण्यात गेली होती. वीस पाटांची खानावळ. जेवायला कोकणातून आलेले एकटे कारकून, दुकानांतले नोकर, छापखान्यातले खिळे जुळवणारे. नवऱ्याच्या पश्चात त्या मुलाकडे डोंबिवलीला आल्या, तेव्हा बरोबर एक ट्रंक आणि दोन खतावण्या आणल्या होत्या.

"कुणावर नाही," सुनंदा म्हणाली.

आक्का गप्प बसल्या. न विचारता शिकवायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

पुढचे सहा महिने सुनंदानं मनातल्या मनात एक वही लिहिली. मिहीरचे बाबा आज वीस मिनिटं उशिरा. तन्वीच्या आईनं डायपर पाठवले नाहीत. ओवीला ताप होता तरी सोडून गेली. तोंडानं काही बोलायची नाही. "असू दे हो, तुमचीही धावपळ असते," म्हणायची आणि वहीत एक ओळ वाढायची. या वहीतली बाकी कुणाला कळत नव्हती, म्हणून कुणी ती फेडतही नव्हतं.

घरात पैसा पुरेना, तेव्हा तिला एकच उपाय सुचला. दर वाढवायचा धीर नव्हता. मुलं वाढवता येत होती. मार्चपर्यंत सहाची नऊ झाली. दोन खोल्यांत नऊ मुलं, त्यांतली दोन रांगणारी. कमल सकाळी चार तास मदतीला यायची, तिचे सातशे. एकाला भरवेपर्यंत दुसरा ओला व्हायचा. दुसऱ्याला बदलेपर्यंत तिसरी गॅलरीच्या जाळीवर चढायची. सुनंदा पूर्वी गाणी म्हणायची, आता ओरडायची. दुपारी सगळ्यांना एकदम झोपवायची, मग कुणाला झोप असो वा नसो.

एप्रिलमधली एक दुपार. सुनंदानं पातेल्यात दूध ओतलं. पिशव्या चारच होत्या, म्हणजे दोन लिटर. सहा मुलांना लागायचं तेवढं. तिनं पेला नळाखाली धरला, भरला आणि पातेल्यात ओतला. दुसरा भरला.

"कितवा पेला?" मागून आवाज आला.

आक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी ऐकलं होतं. नळाचं पाणी पेल्यात पडण्याचा आवाज, आणि मग ते दुधात पडण्याचा.

सुनंदाचा हात थांबला. "दुसरा," ती म्हणाली, आणि तिथंच ओट्याला टेकून रडायला लागली.

आक्का आत येऊन पाटावर बसल्या. त्यांनी सुनेला रडू दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या खानावळीशेजारी आणखी एक खानावळ होती. माझ्यापेक्षा दर कमी. लोक तिकडे धावले. पुढं तिची आमटी पातळ झाली. मग पोळी लहान झाली. मग ताक दिसेनासं झालं. बाई वाईट नव्हती हो. तिनं दर कमी सांगितला होता. न घेतलेले पैसे कुठून तरी वसूल होतातच. पण आमटीत पाणी घातलं तर जेवणारा ओरडतो, ताट सरकवून उठून जातो. दुधात घातलं तर पोराला सांगताही येत नाही."

त्या रात्री मुलं गेल्यावर आक्कांनी ट्रंक उघडायला लावली. खतावणीची पानं पिवळी पडली होती, पण आकडे ठसठशीत. नवीन वही आणली गेली.

"सहा मुलांचाच मांड," आक्का म्हणाल्या. "नऊ हा आकडा चुकीतून आलाय. तुझे हात दोन, मांडी एक. सहाच्या वर एक पोरगंही नको."

सुनंदानं मांडलं. दूध दिवसाला दोन लिटर, सतरा रुपयांनी, पंचवीस दिवस : ८५०. वरणभात, फळं, बिस्किटं : ७००. जादा गॅस : १५०. वीज : १५०. साबण, फिनेल, दुपटी : १००. कमल : ७००. बेरीज २,६५०. जमा ३,०००. उरले ३५०.

"किती तास उभी असतेस?"

"आठ ते सात. अकरा."

"महिन्याचे?"

"दोनशे पंचाहत्तर." सुनंदानं भागाकार केला आणि पेन्सिल थांबली. तासाला सव्वा रुपया. तोही एकही खाडा कुणी कापला नाही तर.

"आणि कमलला किती देतेस तासाला?"

सातशे भागिले शंभर. सात रुपये.

"म्हणजे मोलकरणीला सात आणि मालकिणीला सव्वा," आक्का म्हणाल्या. "तुझी मजुरी कुठं लिहिलीयस यात?"

"माझी कसली मजुरी? मी घरीच तर असते."

आक्का पहिल्यांदा रागावल्या. "ओवीच्या आईनंही हेच म्हटलं होतं ना गं दारात? घरीच असता ना? तिचं सोड, तिला घाई होती. तू कशाला म्हणतेस? माझा आचारी आजारी पडला की मी चुलीपाशी बसायची. त्या दिवसांचा त्याचा पगार मी वेगळ्या डब्यात टाकायची. नाहीतर महिनाअखेरीला वाटतं, खानावळ नफ्यात आहे. खानावळ नफ्यात नसते, बाई फुकटात असते."

सुनंदानं स्वतःच्या नावापुढं तासाला दहा रुपये लिहिले. आकडा लिहिताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. २,७५०. एकूण ५,४००.

"आता वर्षाचा कर. महिन्याच्या हिशेबानं धंदा फसतो. माझी खानावळ शिमग्याला आणि गणपतीत ओस पडायची. सगळे कोकणात. पण जागेचं भाडं काही कोकणात जायचं नाही."

बारा महिन्यांचे ६४,८००. मे महिन्यात मुलं आजोळी जाणार. त्या महिन्याचे निम्मे घ्यायचे, पाट राखून ठेवण्याचे. म्हणजे वसुली साडेअकरा महिन्यांची. भागिले साडेअकरा, भागिले सहा. नऊशे एकोणचाळीस.

"साडेनऊशे लिही," आक्का म्हणाल्या. "अकरा रुपये फुटलेल्या कपांचे."

"कोण देईल एवढे? जवळजवळ दुप्पट आहेत."

"जे देतील ते राहतील. पण मागताना दर एकटा सांगायचा नाही. दरात काय आहे नि काय नाही, तेही सांगायचं. आणि खाड्याचा नियम आधीच सांगायचा. मी पाटावर बसवण्याआधी सांगायची : चार दिवस आधी कळवून सलग आठवडाभर गेलास तर कापीन. उद्या येत नाही म्हणालास तर नाही. ताट वाढलेलं असतं, जेवणारा आला काय नि न आला काय. ओवीच्या आईनं खाडे कापले यात तिचा गुन्हा काय? तू सांगितलंच कुठं होतंस?"

हे सुनंदाला लागलं, कारण खरं होतं. सहा महिने ती ज्या वहीत ओवीच्या आईचं नाव लिहीत होती, त्या वहीतला पहिला अपराध तिचा स्वतःचा होता.

मे महिन्याच्या एका रविवारी तिनं नऊही घरांच्या पालकांना बोलावलं. चहा केला. मग वही उघडून समोर ठेवली. जूनपासून साडेनऊशे. मुलं सहाच. वेळ आठ ते सात. दूध, दुपारचं जेवण, चारचा खाऊ यात धरलेला. औषध आणि डायपर तुमचे. ताप असेल तर मूल आणायचं नाही. खाडा कापला जाणार नाही, मे महिना निम्मा. बोलताना तिच्या कपाळावर घाम होता, पण आकडा तिनं गिळला नाही.

खोलीत शांतता पसरली. मग कुणी म्हणालं, "काकू, एकदम एवढी वाढ?" कुणी म्हणालं, "पलीकडच्या गल्लीत अजून पाचशेच आहेत." ओवीच्या आईनं मात्र वही ओढून घेतली आणि बँकेत तपासतात तशी बोट फिरवत तपासली. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी तिनं मान वर केली.

"काकू, तुमचं विजेचं चुकलंय. दोन पंखे दिवसभर चालतात, दीडशेत कसं भागेल?" मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटायचं, पाचशेत तुमचं बरं चाललंय. तुम्ही नेहमी पुष्कळ झाले म्हणायचात."

तीन घरं गेली. भांडून गेली नाहीत, परवडत नव्हतं म्हणून गेली. पाच राहिली. सहावी सविता. ती स्टेशनजवळच्या साड्यांच्या दुकानात कामाला होती, नवरा सोडून गेलेला. तिचा चिन्मय दोन वर्षांचा. सगळे उठल्यावरही ती बसून राहिली.

"काकू, मला नाही जमायचं. महिनाअखेरपर्यंत ठेवा त्याला, तोवर बघते कुठं सोय होते का."

सुनंदानं आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "माझ्याकडे वीस पाटांत एक पाट वाराचा असायचा. गावाकडून शिकायला आलेला गरीब विद्यार्थी. त्या काळी अशी मुलं वार लावूनच जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या. माझ्याकडे तो रोजच जेवायचा. एकोणीस जण पुरते पैसे द्यायचे, म्हणून विसावा पाट चालायचा. एकोणीस जणांकडून कमी घेतलं असतं, तर विसाव्याला मीच उठवलं असतं."

चिन्मय पाचशेतच राहिला. वहीत सुनंदानं त्याच्या नावापुढं लिहिलं : साडेचारशे कमी, माझ्या मजुरीतून. गंमत अशी, की पूर्वी नऊ घरांना मिळून किती सोडले हे तिला ठाऊकच नव्हतं आणि तरी ती चिडलेली असायची. आता साडेचारशे सोडले, ते मोजून सोडले, आणि त्यांचा एकदाही राग आला नाही.

जूनमध्ये पाळणाघर पुन्हा गाऊ लागलं. एक दुखणं मात्र राहिलं होतं. सात वाजता म्हणजे सात वाजता कुणीच यायचं नाही. सुनंदाला आता आकडे सांगायची भीड उरली नव्हती. तिनं नियम केला : सातनंतर दर दहा मिनिटांना दहा रुपये. दाराशी बोर्नव्हिटाचा रिकामा डबा ठेवला.

डबा भरायला लागला. महिन्याभरात दोनशे, मग तीनशे. आणि लोक अधिकच उशिरा यायला लागले. मिहीरचे बाबा पूर्वी धापा टाकत, दोन दोन पायऱ्या चढत यायचे, दारातच "सॉरी काकू, सॉरी" सुरू व्हायचं. आता ते भाजी घेऊन, घरी पिशव्या ठेवून, तोंड धुऊन यायचे. डब्यात नोट टाकायचे आणि म्हणायचे, "आज चाळीस झाले ना?" सुनंदाच्या मुलाचा अभ्यास तसाच राहायचा. रात्रीचा स्वयंपाक नऊला व्हायचा.

एका संध्याकाळी पावणेआठला नोटा टाकताना मिहीरचे बाबा स्वतःशीच हसले. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे.

"काकू, मी वर्गात जे शिकवतो, तेच तुमच्याकडे करतोय. इस्राएलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांची पाहणी झाली होती. ग्नीझी आणि रुस्टिचिनी म्हणून दोघांनी ती २००० साली छापली. त्यांतल्या सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशीर कमी होईल असं वाटलं होतं. तो वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला."

"का?"

"आधी उशीर झाला की लाज वाटायची. दंड आल्यावर वाटायला लागलं, ही वेळ आपण विकत घेतोय."

"मग डबा उचलते मी," सुनंदा म्हणाली.

"तेही त्यांनी करून पाहिलं. दंड काढला तरी लोक पहिल्यासारखे वेळेवर येईनात. एकदा विकलेली वस्तू फुकट झाली, एवढंच त्यांना कळलं."

हे सगळं सांगून ते चाळीस रुपये देऊन गेले. ज्ञान आणि सवय यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं.

आक्का ऐकत होत्या. "तो मास्तर बरोबर बोलला," त्या म्हणाल्या. "पण तुझं कुठं चुकलं सांगू? तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात टाकल्यास. एकाची कचेरीच सहाला सुटते, त्याला रोज उशीर होणारच. त्याला एक तास जास्त हवाय. तो विकायचा असेल तर सरळ वीक, नसेल तर नाही म्हण. दुसऱ्याची गाडी बंद पडलीय. त्याला तास नको आहे, तो अडकलाय. अडकलेल्याला विकायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी डबा गेला. सुनंदानं सगळ्यांना विचारलं, खरंच कुणाला सातपर्यंत पोहोचता येत नाही? दोन घरं निघाली, त्यांत मिहीरचं. त्यांना पावणेआठची वेळ दिली, महिन्याला दोनशे जास्त. त्या चारशे रुपयांत कमलची मोठी मुलगी संध्याकाळी मदतीला यायला लागली आणि सुनंदा मुलाच्या अभ्यासाला मोकळी झाली. बाकीच्यांना एवढंच सांगितलं, "सात म्हणजे सात. गाडी बंद पडली तर फोन करा. त्याचे पैसे नाहीत. निवांत या."

लोक वेळेवर यायला लागले. सगळे नाही, आणि एका दिवसात नाही. पण पायऱ्यांवर पुन्हा धावणारी पावलं ऐकू यायला लागली.

मग २६ जुलै २००५ उजाडला. मंगळवार. सकाळी नेहमीसारखाच पाऊस. दुपारी दोनच्या सुमारास तो असा कोसळायला लागला, की गॅलरीतून समोरची इमारत दिसेना. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना नंतर कळलं. त्या संध्याकाळी एवढंच कळत होतं, की रस्त्यावर पाणी आहे, लोकल बंद आहेत, वीज गेली आहे आणि फोन लागत नाही.

सात वाजले. आठ वाजले. जिन्यात एकही पाऊल नाही. मेणबत्तीच्या उजेडात सहा मुलं दाराकडे बघत बसली. आधी ओवी रडली, मग तिचं बघून तन्वी, मग सगळी.

साडेआठला दार वाजलं. सविता. मांडीपर्यंत भिजलेली, चपला हातात. दुकान जवळच असल्यानं ती पाण्यातून चालत आली होती. चिन्मय तिच्याकडे झेपावला. तिनं त्याला उचललं, मग बाकीच्या पाच जणांकडे पाहिलं. पुन्हा चिन्मयला खाली ठेवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "काकू, खिचडी मी टाकते. तुम्ही मुलांकडे बघा." ती त्या रात्री घरी गेली नाही.

दूध जेमतेम अर्धा लिटर होतं. पहाटे दूधवाला येणार नाही, हे उघड होतं. सुनंदानं पातेलं हातात घेतलं, पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं आणि तिचा हात अडला.

"घाल," अंधारातून आक्का म्हणाल्या. "आजचं पाणी तू घालत नाहीयेस, पाऊस घालतोय." मग मुलांकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "ऐका रे, आज दूध पातळ आहे हं. सगळ्यांना सारखंच पातळ. मलासुद्धा."

मुलांना त्याची मजा वाटली. सगळ्यांनी पातळ दूध प्यायलं. आक्कांनी फणसवाडीतल्या गोष्टी सांगितल्या. एका वेळी चौदा पोळ्या खाणाऱ्या पोस्टमनच्या गोष्टीला सगळी हसली आणि हसता हसता झोपली. सुनंदा रात्रभर जागी होती. कुणी दचकून उठलं की थोपटायची. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की आज तिनं घड्याळ पाहिलंच नाही. पूर्वी वीस मिनिटांच्या उशिरानं ती मनातली वही उघडायची. आज अख्खी रात्र चालली होती आणि वहीच सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकेक जण येत गेला. मिहीरचे बाबा दुपारी आले, ठाण्याहून रुळांवरून चालत. पायांना फोड. ओवीची आई सगळ्यात शेवटी, संध्याकाळी सहाला. रात्र बँकेत टेबलावर काढलेली. मग काही वाट चालत, काही एका ट्रकमधून, आणि शेवटी पुन्हा चालत. दारात आली आणि ओवीला बघून उंबऱ्यावरच बसली. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

मग तिनं सवयीनं पर्स उघडली. आतल्या नोटा भिजून एकमेकींना चिकटलेल्या.

"काकू, काल सातपासून आज सहापर्यंत. तेवीस तास होतात. तुम्ही म्हणाल ते."

सुनंदाला दोन वर्षांपूर्वीचा तोच उंबरा आठवला आणि तिथं म्हटलेलं तेच वाक्य, की तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. त्या दिवशी ते वाक्य भिडेपोटी आलं होतं, आणि त्याची किंमत मुलांच्या दुधानं चुकवली होती. या वेळी तिला भीड नव्हती. तिनं पर्स हळूच मिटवली.

"आठ ते सातचे पैसे तुम्ही मला पुरते देता," ती म्हणाली. "म्हणून कालची रात्र माझ्याकडे होती. ती विकायची नाही."

ओवीच्या आईनं एरवी वाद घातला असता. आज तिनं मान हलवली.

रात्री सुनंदानं वही उघडली. २६ जुलैच्या रकान्यात काय लिहावं कळेना. "कोरंच ठेवू का?" तिनं विचारलं.

"का म्हणून? लिही," आक्का म्हणाल्या. "मुक्काम : मुलं सहा. घेतले : काही नाही. कुणाला दाखवायला नको. पण पुढं कधी दर सांगताना पुन्हा जीभ अडली, तर हे पान काढून वाच. ज्याचे घ्यायचे ते पुरते घेतलेस, म्हणून ज्याचे घ्यायचे नसतात ते देता आलं."

सुनंदानं लिहिलं. मग थोडा विचार करून त्याच ओळीखाली आणखी एक ओळ घातली : सविता, रात्रभर, खिचडी आणि मदत. पुढं हेही लिहिलं, दिले : काही नाही.